भिवरेच्या भरल्या हातांची कहाणी

बायांनो, बसा. पोरींनो, तुम्हीही पुढं सरका. हातात तांदळाचे पाच दाणे घ्या, पण मूठ मिटू नका. बाकीच्या कहाण्यांना मिटली मूठ चालते, खुणाईच्या कहाणीला उघडा हात लागतो. आणि मधे कुजबुजायचं नाही. ह्या देवीला कुजबूज आवडत नाही. का, ते पुढं कळेल.

ऐक ग खुणाई, तुझी कहाणी तुझ्यापुढंच सांगते.

आटपाट नगर एक, त्याला वेशी पाच. पाचव्या वेशीबाहेर कासारांची आळी. आळीत एक विधवा कासारीण होती, तिला एकुलता लेक, नाव रामलिंग. रामलिंग खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकायचा, गावोगाव फिरायचा. पारावर बसायचा, बाया जमायच्या, हात पुढं करायच्या. बाईचा हात हातात घेतला की कासाराला तिच्या घरचं सगळं कळतं. कुणाचा हात कामानं राठ, कुणाचा तापानं गरम, कुणाचा सासुरवासानं आखडलेला. तोंड म्हणतं, बरं आहे. हात म्हणतो, बरं नाही. रामलिंगला हात ऐकायची सवय लागली. ती सवय त्याला कुठं घेऊन गेली, ते ऐका.

तीन दिवसांच्या वाटेवर एक गाव, नदीकाठी. तिथं सिद्राम नावाचा म्हातारा कासार. बायको बाळंतपणात गेलेली, पाठीमागं एक मुलगी. मुलीला तिसऱ्या वर्षी गोवर आला. गोवर गेला, जाताना कान घेऊन गेला. कान गेले, मग बोलही गेला. बापानं नाव ठेवलं होतं भिवरा, पण कानाबरोबर ते तिच्या ध्यानातूनही गेलं, आणि पुन्हा कुणी सांगितलंच नाही. सांगणार कसं? गाव तिला मुकी म्हणायचं. तेही तिला ऐकू येत नव्हतं, एवढीच देवाची दया.

नदीवर बाया धुणं धुवायला जमायच्या. भिवराही जायची. सगळ्यांची तोंडं हलायची, मग सगळ्या एकदम हसायच्या. हिला काय झालं ते कळायचं नाही. ही आपली मागाहून हसायची. ती हसली की बाया पुन्हा हसायच्या, तिच्याकडं बघून. मग तिनं हसणंच सोडलं. लांबच्या दगडावर एकटी बसून धुवायची, पिळायची, घरी यायची. घरी बापाची नजर अधू झालेली, त्याला तिचे हात दिसायचे नाहीत. त्याचं बोलणं तिला पोचत नव्हतं, तिचं त्याला. एका घरात दोघं, आणि घर मुकं.

एकदा काय झालं? सिद्रामनं धंदा आवरला, उरल्या माळा विकायला काढल्या. रामलिंगला कळलं, तो आला. म्हाताऱ्यानं लेकीला खूण केली, माळा दाखव. भिवरेनं माळा मांडल्या. रामलिंगला आईसाठी चार बांगड्या वेगळ्या हव्या होत्या. आई विधवा, पण काळ्या बांगड्यांची हौस होती तिला. त्यानं हातानं आई दाखवली आणि एक माप उचललं. भिवरेनं फटकन त्याच्या हातावर चापट मारली, मान हलवली, दुसरं माप पुढं ठेवलं. रामलिंग चकित. त्यानं हातानंच विचारलं, तुला काय ठाऊक माझ्या आईचा हात? भिवरेनं त्याचं मनगट धरलं, अंगठ्याखालचं रुंद हाड दाखवलं. मग दूरवर बोट केलं. जसा लेक, तशी आई. रामलिंग हसला. तीही हसली, आणि ह्या वेळी मागाहून नाही, त्याच्याबरोबर.

घ्यायच्या होत्या चार माळा, राहिला तीन दिवस. दुसऱ्या दिवशी त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "मामा, हिचं नाव काय?"

म्हातारा म्हणाला, "भिवरा. पण कशाला रे बाबा? ती काय ओ देणार आहे?"

नदी दारापुढूनच वाहत होती, तिचंही नाव भिवरा. रामलिंगनं नदीकडं बोट केलं, तळहात आडवा धरून पाण्यासारखा वाहवला, मग तिच्याकडं बोट केलं. तिला कळलं नाही. पुन्हा केलं. नाही कळलं. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा ती उभीच राहिली. पाण्याकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं, स्वतःचा तळहात आडवा धरला आणि हळूहळू वाहवला. एकोणीस वर्षांची बाई, तिला आपलं नाव त्या दिवशी कळलं. मग तिनं त्याला नाव दिलं. डाव्या मनगटाभोवती उजव्या हाताचा वेढा घातला, आणि बांगडी चढवताना कासार दाबतो तसं हळूच दाबलं. तेच रामलिंगचं नाव.

मग त्यानं मागणी घातली. म्हातारा म्हणाला, "आज दया येईल, उद्या कंटाळा येईल. तेव्हा हिनं जायचं कुठं?"

रामलिंग म्हणाला, "मामा, दया नाही. मला हिच्याशी बोलत राहावंसं वाटतं."

घरी आईनं कपाळावर हात मारला. "अरे, चार घरच्या पोरी सांगून येतात, आणि तू ही आणतोस? मी हाक मारली तर ओ कोण देईल?"

"आई, हाक मारू नकोस. जवळ जा, खांद्याला हात लाव."

आईनं नाक मुरडलं, पण सोयरिकीचा नारळ दिला. लग्न झालं. नवी नवरी उंबऱ्याशी आली, बाया दार अडवून बसल्या. नाव घे, नाव घे, नाव घे. भिवरेला तोंडं दिसली, अडलेलं दार दिसलं, सगळं समजलं. तिनं मनगटाला वेढा घातला, हळूच दाबलं. कुणाला काही कळलं नाही. मावससासू म्हणाली, "मुकीचं कसलं नाव! सोडा तिला, भात निवतोय." बायांनी वाट सोडली. रामलिंगनं मात्र पाहिलं होतं. नाव घेतलं गेलं होतं, ऐकणारा एकटा तो.

मग दोघं संसाराला लागली. तो पारावर बसायचा, ती शेजारी. बाई समोर आली की भिवरा तिचा हात बघायची, नेमकं माप काढून द्यायची, आणि हातानं सांगायची, ही पोटुशी आहे, हळू भर. हिच्या मनगटाला मार लागलाय, आज नको म्हण. तिच्या खुणा मोठ्या चावट. पाटलीण म्हणजे नाकापुढं ही एवढी नथ. वैद्यबुवा म्हणजे पोट पुढं, हात मागं. सासू म्हणजे तपकिरीची चिमूट आणि एक शिंक. रामलिंग हसून हसून बांगडी सोडायचा. घरात बोलणं फार होतं, पीठ थोडं होतं.

पौष आला. पौषात लग्न नाही, मुंज नाही, बांगडी कोण भरतं? घरात फुटाणेही उरले नाहीत. एक दिवस दारात एक म्हातारी आली. अंगावर फाटकं लुगडं, हात उघडे. सासू म्हणाली, "पुढं जा बाई." म्हातारी हलली नाही. तिनं भिवरेकडं पाहिलं आणि दोन्ही हात उचलून विचारलं, पोरी, माझ्या हातात काही घालशील? भिवरा उंबऱ्यापुढं आली. नवऱ्याखेरीज आजवर कुणी तिच्याशी तिच्या बोलीत बोललं नव्हतं. घरात दोनच बांगड्या उरल्या होत्या. तिनं सवाष्ण की विधवा विचारलं नाही. म्हातारीचा हात धरला, दोन्ही भरल्या, वाकून नमस्कार केला.

म्हातारी हातानं म्हणाली, "सटवाई माझी थोरली बहीण. ती कपाळावर लिहिते, ते कुणाला वाचता येत नाही. मी खुणाई. माझं सगळं उघड्या हातावर. तुला वसा देते, घेशील?"

भिवरेनं विचारलं, "वसा घेऊन काय करावं?"

"पौष महिन्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो माझा. पौषातल्या दर बुधवारी दिवेलागणीला दोघांनी समोरासमोर बसावं. मधे एक दिवा ठेवावा. तोंड मिटावं, हात उघडावे. मनात असेल ते सांगावं. ऐकणाऱ्यानं मधे उठू नये, नंतर सांग म्हणू नये. शेवटी गुळाचा खडा अर्धा अर्धा खावा. उद्यापनाला पाच बायांना बोलवावं, सवाष्ण की विधवा बघू नये, बांगड्या भराव्या, आणि एकेकीकडून नवऱ्याचं नाव हातानं घेववावं. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

भिवरा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." नवऱ्यालाही तिनं तसंच म्हणायला लावलं. तोही म्हणाला. म्हणताना कुणाचं काय जातं!

दोघांनी वसा पाळला. पहिला पौष गेला, माळेची पेटी झाली. दुसरा पौष गेला, पेटीचं दुकान झालं. तिसरा पौष गेला, राणीचं बोलावणं आलं.

राजवाड्यात हळदीकुंकू. रामलिंग पेटी घेऊन बसला, भिवरा शेजारी. राणी आली, मान ताठ, पाऊल मोजून टाकलेलं. भिवरेनं तिचा हात पाहिला आणि सवयीनं नवऱ्याला खूण केली. आधी ताठ मान केली, म्हणजे राणी. मग अंगठ्याखालचं हाड दाखवलं, म्हणजे मोठं माप घे. रामलिंगनं हातानं विचारलं, केवढं? एका दासीनं ते पाहिलं. ती ओरडली, "बाईसाहेब, कासाराची मुकी तुमची नक्कल करतेय! आणि कासार बघा, माकडासारखे हात हलवतोय!"

सगळ्या हसल्या. राणी रागावली असती तर बरं झालं असतं. राणीही हसली. म्हणाली, "कासारा, पुन्हा करून दाखव." राणीचा हुकूम, त्यानं केलं. "पुन्हा." केलं. "पुन्हा." केलं. घरातलं दिव्यापुढचं बोलणं, त्याचा डोंबाऱ्याचा खेळ झाला. रामलिंगनं हात मांडीखाली घातले.

वाटेत भिवरेनं विचारलं, "का हसल्या त्या?"

रामलिंगनं इकडंतिकडं पाहिलं. रस्त्यावर माणसं होती. त्यानं कमरेपाशीच पंजा झटकला, जसं दारातलं कोंबडं हाकलावं. नंतर. ते पहिलं नंतर.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तू घरीच राहा, दुकानात फार गर्दी असते. भिवरा घरी राहिली. पण त्याचं मन खात होतं, बरं का. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर कहाणी सोपी झाली असती. बायकोला लोकांत नेत नाही, मग तिला काहीतरी द्यावं, म्हणून त्यानं काय केलं? सगळ्यांत बारीक, सगळ्यांत महाग काचेच्या बांगड्या आणल्या, तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि कोपरापर्यंत चुडा भरला. हिरव्या, मग लाल, मग पिवळ्या, पुन्हा हिरव्या. भिवरेला किती आनंद झाला! बांगड्यांचा नव्हे, किती दिवसांनी त्यानं हात धरला होता. आळीतल्या बाया म्हणाल्या, "मुकीचं नशीब बघा. कासाराची बायको असावी तर अशी."

मग दुसऱ्या दिवशी तिनं काही सांगायला हात उचलला, आणि एक बांगडी तडकन गेली. सासू धावत आली. काचेचा तुकडा उचलला, लेकाच्या पगडीकडं दाखवला, आणि छाती पिटली. "अगं, बांगडी वाढवलीस! माझ्या लेकाच्या आयुष्यावर उठलीस का?" शब्द ऐकू आले नाहीत, अर्थ नीट पोचला. हात हलला की काच जाणार, काच गेली की नवऱ्याचं आयुष्य जाणार. दिवसात दोन फुटल्या, तीन फुटल्या. मग भिवरेनं हात हलवणंच बंद केलं. दळताना जपून, वाढताना जपून, आणि बोलायचं नाहीच. त्याच्या जिवासाठी तिनं आपलं बोलणं मिटलं. रामलिंगला वाटलं, बायको शहाणी झाली.

पौष आला. बुधवारी तिनं दिवा लावला, गूळ ठेवला, वाट बघत बसली. तो आला, जोडे काढले, दिव्याकडं पाहिलं. म्हणाला, नंतर. दुसऱ्या बुधवारी आला, जेवला, झोपला. तिसऱ्या बुधवारी तिनं दिव्यात तेलच घातलं नाही. त्याला ते समजलंही नाही.

बायांनो, एकटेपण कुणाला म्हणावं? नदीवरच्या दगडावर ती एकटी होती खरी, पण तेव्हा तिला दुसरं काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. घरात माणसं होती, चुलीवर दूध होतं, हात भरलेले होते, आणि तिला नावानं बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. कधी परसात बसून ती तळहात आडवा धरायची, थोडासा वाहवायची. बांगड्या किणकिणल्या असतील. तिला काय त्याचं.

चैत्रात तिला दिवस गेले. सासूला सांगितलं नाही. आधी त्याला सांगायचं, आपल्या हातांनी, आपल्या बोलीत. ते दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. एक महिना गेला, दोन गेले. तो पहाटे जायचा, दमून यायचा. मग एक दिवस दुपारी ती दुकानात गेली. पदरात हात गुंडाळून, बांगडी फुटू नये म्हणून जपत जपत गेली. दुकान बायांनी भरलेलं. ती पुढं झाली, पदर सोडला, दोन्ही हात उचलले. पोटापाशी नेले. एवढ्यात बायांच्या माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. रामलिंगला राजवाडा आठवला. त्यानं झटकन तिचे दोन्ही हात धरले, गादीवर दाबून ठेवले, आणि बायांकडं बघून हसला, जणू लाडच करतोय. मग पंजा झटकला. नंतर.

भिवरा घरी आली. तिसरा महिना सरता सरता तिच्या पोटात कळ आली. जे सांगायचं होतं तेच उरलं नाही. सासूला वाटलं, बाहेरची झाली असेल, अंगात कसर आहे. सुंठेचा काढा दिला. भिवरा मोरीत बसून रडली. आपलं रडणं तिला ऐकू येत नव्हतं. घरात कुणी ऐकलं की नाही, तेही तिला समजलं नाही.

इकडं खुणाईनं काय केलं? म्हातारीचं रूप घेतलं, दुकानापुढं आली. उघडे हात पुढं केले, खुणेनं म्हणाली, माझ्या हातात काही घालशील? रामलिंग म्हणाला, उद्या ये. दुसऱ्या दिवशी आली. म्हणाला, तोंडानं बोल. तिसऱ्या दिवशी आली. दुकानात सरदारघरच्या बाया होत्या. त्याला खूण समजली, ओळखही पटली असेल. त्यानं तोंड फिरवलं आणि हात मांडीखाली घातले.

खुणाई रुसली. कोपली नाही, नुसती निघून गेली. तिच्याबरोबर त्याच्या हाताचं माप गेलं.

बाईचा हात हातात घ्यावा, आणि काही कळू नये. मऊ हाताला मोठी बांगडी, रुंद हाताला लहान. कुणाच्या गाठीशी अडकायची, कुणाच्या मनगटातून गळून पडायची. शेजारी बसून माप सांगणारी घरात मिटून बसली होती, आणि ह्याचे स्वतःचे हात बहिरे झाले होते. बाया कुरकुरल्या. मग कमी झाल्या. मार्गशीर्षात राणीचं बोलावणं आलं. रामलिंगनं लहान माप घेतलं आणि दाबलं. बांगडी हातातच मोडली, काच रुतली, रक्त आलं. राणी म्हणाली, "कासारा, इतक्यांदा धरलास, माझा हात ओळखता येईना तुला?" शिपायांनी पेटी उचलून बाहेर ठेवली. दुकान गेलं.

रामलिंग घरी जाईना. पाचव्या वेशीबाहेर बोरीखाली एक धोंडा, त्यावर पंजाचा ठसा. ते खुणाईचं ठाणं. तिथं जाऊन पडला. म्हणाला, "आई, चुकलो. वसा टाकला. आता एक कर. भिवरेला वाचा दे. ती चारचौघींसारखी बोलू लागली की कुणी हसणार नाही, सगळं सरळ होईल."

धोंड्याआडून म्हातारी आली आणि फटकन त्याच्या हातावर चापट मारली. तशीच, जशी एकदा नदीकाठच्या गावात बसली होती.

हातानं म्हणाली, "अजून मापच चुकतंय तुझं. तिला बोल कमी नव्हता. ती दुकानात आली, तुला सांगत होती, तू हात दाबून धरलेस. तोंड दाबलं असतंस तर लोकांनी तुला दुष्ट म्हटलं असतं. हात दाबलेस, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. चुडा तू चढवलास. तूच उतरव. एकही काच वाढवू नकोस."

"आणि मग ती बोलेल?"

"ते मी कशी सांगू? बोलणं तिचं आहे."

रामलिंग घरी आला. भिवरा परसात बसली होती, हात मांडीवर, जसे कुणी आणून ठेवलेत. तो पुढ्यात बसला. वाटीत तेल घेतलं, तिच्या हाताला लावलं, आणि बांगडी उतरवू लागला. सासू ओरडली, "अरे, सवाष्णीचे हात रिकामे करतोस? तुझं डोकं फिरलं का?"

"आई, थांब जरा."

हिरवी उतरली, पिवळी उतरली, लाल उतरली. घाम आला, तरी घाई केली नाही. तिच्या हाताकडं लक्ष देऊन, गाठ कुठं, हाड कुठं, दुखतं कुठं बघत, एकेक. कोपरापासून मनगटापर्यंत कातडीवर वळ उठले होते. एकही काच फुटली नाही. दोन्ही हातांत दोन दोन ठेवल्या. भिवरेनं हात चोळले. त्याच्याकडं पाहिलंही नाही, उठून चुलीपाशी गेली.

पौष लागला. पहिल्या बुधवारी दिवेलागणीला त्यानं दिवा लावला, गूळ ठेवला, बसला. ती समोर येऊन बसली. हात मांडीवर. त्यानं राजवाड्यातलं सांगितलं, का हसल्या ते, तीन वेळा करून दाखवायला लावलं ते. ती बघत राहिली. गूळ तसाच राहिला. दुसऱ्या बुधवारी त्यानं आपली लाज सांगितली, कुणाची वाटली, किती वाटली. ती बघत राहिली. गूळ तसाच. तिसऱ्या बुधवारी त्याच्याकडं सांगायला काही उरलं नाही. नुसता बसला. तेल सरलं, पुन्हा घातलं. ती उठेपर्यंत उठला नाही.

चौथा बुधवार आला. पौषातला शेवटचा. दिवा लावला. गूळ ठेवला. मग भिवरेचे हात मांडीवरून उठले. खांदे धरलेले, बोटं आखडलेली, बोलायची सवय मोडलेली. हात पोटापाशी गेले, पोटावर गोल फिरले. तीन बोटं वर झाली. मग बोट दाराकडं गेलं, दुकानाच्या वाटेकडं. मी आले होते. मग तिनं पंजा झटकला, त्याचाच, तसाच कमरेपाशी. नंतर. मग दोन्ही तळहात उघडले आणि दिव्यापुढं रिकामे धरले.

रामलिंगला सगळं कळलं. त्याला उठून पळावंसं वाटलं. उठला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात नेला नाही, कारण ती अजून सांगत होती. मोरी कुठली, दिवस कुठला, काढा कुणी दिला, सगळं सांगितलं. दारात सासू उभी होती. तिला सुनेची बोली येत नव्हती. पण रिकाम्या हातांची ती खूण समजायला बाईला शिकावं लागत नाही. सासू आत आली. हाक मारली नाही. भिवरेच्या खांद्याला हात लावला. लग्नाआधी लेकानं शिकवलेलं, इतक्या वर्षांनी जमलं.

आता तुम्ही विचाराल, मग मूल उठलं का? बाकीच्या कहाण्यांत उठतं. देवी पाणी शिंपडते, लेकरू खुदकन हसतं. ह्या कहाणीत नाही उठलं. खुणाईनं तसं वचन दिलं नव्हतं, आणि नाही ते मी सांगणार नाही. त्या रात्री गुळाचा खडा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला, एवढंच.

मग उद्यापन केलं. पाच बाया बोलावल्या. शिंपीण आली, कुंभारीण आली, तेलीण आली, मावससासू आली. पाचवी कोण? भिवरेनं सासूला हात धरून पाटावर बसवलं. सासू म्हणाली, "मला कसलं ग, मी विधवा." भिवरेनं ऐकलं नाही, तसं तिनं कधीच काही ऐकलं नव्हतं. रामलिंगनं बांगड्या भरल्या, माप भिवरेनं काढून दिलं. मग एकेकीनं हातानं नाव घेतलं. शिंपिणीनं सुई ओवली. कुंभारणीनं चाक फिरवलं. तेलिणीचा नवरा लंगडत चालायचा, तिनं दोन बोटं पाटावर तशीच चालवली आणि लाजली. मावससासूनं पाचदा नाही म्हटलं, मग घोरून दाखवलं. सासूनं आधी पदर सावरला. मग तिनं वरच्या ओठावर बोट नेलं, नसलेल्या मिशीला पीळ दिला, आणि तशीच ओठांवर बोट धरून बसून राहिली. तीस वर्षांत तिनं ते नाव घेतलं नव्हतं.

मग पाचही जणी भिवरेकडं वळल्या. नाव घे. नाव घे. नाव घे. ह्या वेळी तोंडानं नाही, हातानं म्हणाल्या. भिवरेनं मान खाली घातली. रामलिंग पेटीपाशी बसला होता. चुडा उतरला, पौष गेला, गूळ खाल्ला, पण त्याचं नाव तिनं अजून घेतलं नव्हतं. लग्नात घेतलं तसं, चुडा चढायच्या आधी घ्यायची तसं. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं मागितलं नाही. आपला तळहात आडवा धरला, एकदा वाहवला, आणि खाली ठेवला.

दिवा निम्मा झाला. भिवरेनं डावा हात पुढं केला. मनगटावर अजून वळ होते. त्याभोवती उजव्या हाताचा वेढा घातला, दुखलं, तरी सोडला नाही. हळूच दाबलं. ह्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

पुढं दोघं पारावर जाऊन बसली, माळा घेऊन. राणीचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पीठ कधी पुरलं, कधी नाही पुरलं. बोलणं पुरलं.

खुणाई, भिवरेला ऐकणारा परत दिलास, तसा सगळ्यांना दे. आम्हांला कुणी सांगायला आलं तर आमच्या तोंडी नंतर येऊ देऊ नकोस. आता बायांनो, ते पाच दाणे स्वतःच्या डोक्यावर टाकू नका. शेजारणीचा हात उघडा आहे, त्यात ठेवा, आणि घडीभर तिचा हात हातातच राहू द्या. बघा काय म्हणतो. साठ बोलांची ही कहाणी, बोटं पाच, तळहात एक, त्यात मावली. सांगणारीला पुरी, ऐकणारीला फळाची होवो.